कौलाखालचं बाळ

ऑर्थबी, लिंकनशायर
१४ सप्टेंबर १९९७

प्रिय बेरिल,

तुझं पत्र बुधवारी पोचलं, मुलींचे फोटोही मिळाले. तिकडे कॉर्नवॉलात सगळे खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. थोरली अगदी तुझ्या वळणावर गेली आहे. धाकटीने केसांचं काय करून घेतलंय ते तीच जाणे. फोटो मी आधी शेल्फवर मांडले होते, पण तिथे ऊन येतं, रंग उडेल, म्हणून ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेत.

इकडे आम्ही ठीक. गुडघा अधूनमधून आठवण करून देतो. घेवड्याच्या शेंगा यंदा इतक्या आल्या की शेजारपाजारचे लोक मला बघून रस्ता बदलतात. चॅपलमध्ये सुगीचं जेवण पुढच्या रविवारी आहे, आणि मनुकांचा पाव नेहमीसारखा माझ्याच गळ्यात.

क्लिफच्या कामाचं तू विचारलंस. त्याच्या कंत्राटदाराने, हॉबडेंनी, त्याला सध्या गावातच ठेवलाय. चॅपलमागचं ते उतरतं शेत आठवतंय ना, जिथे तू शेळीच्या भीतीने झाडावर चढून बसली होतीस? तिथे घरं बांधतायत. पण त्या शेतात नांगराला कायम जुन्या रोमन मडक्यांची खापरं लागायची, म्हणून कौन्सिलने अट घातली आहे. वरची माती निघेल तेवढा वेळ पुरातत्त्ववाल्यांचं माणूस खोदायच्या मशीनसमोर उभं पाहिजे. खाली काही दिसलं की काम थांबवायचं, त्यांनी ते बघायचं, टिपायचं, मग पुढे जायचं. तर आमचा क्लिफ जन्मभर खड्डे खणत आला आणि आता दिवसभर मशीनच्या दात नसलेल्या बकेटने लोणी काढावं तशी माती खरवडत असतो, आणि एक बाई पुढे उभी राहून त्याच्या बकेटकडे टक लावून बघत असते.

बाई, हो. रोवीना नाव. तो तिला 'रो' म्हणतो.

मी हाका मारून मारून घसा कोरडा करते तेव्हा हा माझा नवरा शेडमधून हलत नाही. तिने नुसता तळहात वर केला की ते एवढं थोरलं मशीन जागच्या जागी थांबतं. हे मला त्यानेच सांगितलं, कौतुकाने. म्हणाला, "ती हात पूर्ण वर करायच्या आत मला कळतं, डोरीन." मी म्हटलं, वा.

आणि बोलतो किती. तुला माहीत आहे आमच्या टेबलावर काय बोलणं चालतं ते: मीठ दे, पाऊस येईल, झालं. आता सॉसेज थंड होतात आणि हा मला काळपट माती आणि करडी माती यातला फरक सांगत बसतो. रो म्हणाली हा जुना चर आहे. रो म्हणाली इथे भिंत होती. रो म्हणाली तुमच्यासारखा हात फार थोड्या लोकांचा असतो. हे शेवटचं त्याने प्लेटकडे बघत सांगितलं आणि त्याचे कान लाल झाले. पन्नाशीला आलेल्या माणसाचे कान.

तिला मनुकांचा पाव आवडतो म्हणे. म्हणून डब्यात रोज दोन तुकडे जास्त. मी ते लोणी लावून, कागदात गुंडाळून देते. माझ्या हातचं ती खाते आणि मी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं, म्हणून काल चॅपलमध्ये फुलं ठेवायला गेले तेव्हा कुंपणापाशी जरा थांबले. तिशी ओलांडलेली असेल. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर पिवळं हेल्मेट, त्याखाली केस बागेतल्या कात्रीने कापल्यासारखे. बोटात अंगठी नाही. दिसायला काही विशेष नाही. हे मी मत्सराने म्हणत नाही, तू असतीस तर तूही हेच म्हणाली असतीस.

कसायाच्या दुकानात शेजारची ग्लॅडिस मला म्हणाली, "तुमच्या क्लिफला परत शाळेत घातलंय म्हणे. आणि मास्तरीण तरुण आहे." सगळं दुकान हसलं. मीही हसले.

मला काय करायचंय त्याचं, बेरिल. महिनाभरात माती संपेल आणि ती जाईल दुसरं शेत बघायला. मुलींना माझे गोड पापे.

तुझी ताई,
डोरीन

ता. क. रोवीना हे नाव घोडीला शोभेल, नाही का?


ऑर्थबी
१९ ऑक्टोबर

प्रिय बेरिल,

परवा फोनवर तू विचारत होतीस की आवाज असा का येतोय. सर्दी झाली होती. शिवाय आमचा फोन दिवाणखान्याच्या दारात, आणि क्लिफ खुर्चीत बसलेला, तेव्हा काय बोलणार. म्हणून हे लिहिते. तुमचं छप्पर दुरुस्त झालं का? तिकडच्या वाऱ्याला कोण पुरं पडणार.

इकडची बातमी म्हणजे शेतात काहीतरी सापडलं. तुला वर्तमानपत्रात दिसणार नाही, एवढं मोठं काही नाही. भिंतीच्या पायालगत एक कौल पालथं घातलेलं होतं आणि त्याखाली एक तान्हं मूल पुरलेलं. रोमन काळातलं. त्या काळी म्हणे अगदी लहान मूल गेलं तर गावाबाहेर न नेता घराच्या भिंतीलगतच ठेवायचे. हाडं इवलीशी, पाखराची वाटावीत अशी. तिने हात वर केला, यानं मशीन थांबवलं, तिने कौल उचललं आणि ते होतं. आता हाडं हलवायची तर लंडनहून परवाना यावा लागतो, तोवर त्या जागेवर फळी आणि ताडपत्री टाकून बाकीच्या शेताचं काम चालू.

मला त्याचं काही वाटलं नाही. तुझ्या मनात येईल म्हणून आधीच सांगते.

हे सगळं मला क्लिफने सांगितलं नाही. ग्लॅडिसने सांगितलं. क्लिफ त्या दिवशी घरी आला, बूट काढले, जेवला नाही आणि शेडमध्ये जाऊन बसला. रोज 'रो म्हणाली, रो म्हणाली' करणारा माणूस. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाला, पाठ धरली आहे. दुसऱ्या दिवशी तसाच गेला आणि डबा ओट्यावर विसरला.

डबा विसरला म्हणून मी तो घेऊन गेले. दुसरं काही कारण नव्हतं.

मशीन बंद होतं. इतर माणसं पलीकडे पत्र्याच्या खोलीत चहाला गेली असावीत. हे दोघे मातीच्या ढिगाऱ्यावर शेजारी शेजारी बसलेले, पाठमोरे. आणि बेरिल, तो रडत होता. नुसते डोळे पुसणं नव्हे, त्याचे खांदे हलत होते. तिचा हात त्याच्या पाठीवर होता, असा सपाट ठेवलेला, घोड्याला शांत करताना ठेवतात तसा. ती काही बोलत नव्हती. तो मधूनमधून बोलत होता.

त्याची आई गेली तेव्हा मी त्याच्या शेजारी उभी होते. त्याच्या भावाला अपघात झाला तेव्हाही. मी या माणसाला कधी रडताना पाहिलेलं नाही. मला वाटायचं, त्याला ते येतच नाही. एखाद्याला शीळ घालता येत नाही तसं.

मी हाक मारली नाही. डबा घेऊन तशीच घरी आले आणि सँडविच पाखरांना टाकलं. मग हात धुतले आणि हॉबडेंना फोन केला.

तुला हॉबडे आठवतो, शाळेत माझ्यापुढच्या वर्गात होता, नाक गळायचं. आता मोठा माणूस झालाय पण माझ्याशी अजून नीट बोलतो. मी म्हटलं, क्लिफची पाठ या हळू कामाने पार मोडली आहे, एकाच जागी बसून सारखं खरवडायचं म्हणजे काय. तो स्वतःहून कधी म्हणायचा नाही. त्याला कुठेतरी मोकळ्या कामावर घाला, आणि मी फोन केला हे त्याला कळू देऊ नका. हॉबडे म्हणाला, "बरं केलंत सांगितलंत, मिसेस डॉब्नी." सोमवारपासून क्लिफ समुद्राकाठी, बांधाच्या कामावर. शेतावर हॉबडेंनी दुसरा माणूस बसवला.

क्लिफ संध्याकाळी आला आणि म्हणाला, "मला काढलं तिथून." एवढंच. मी म्हटलं, बरं झालं, तो काय माणसाने करायचा उद्योग होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बटाटे सोलायला घेतले. तो कधी बटाटे सोलत नाही.

आता घरात पूर्वीसारखं आहे. मीठ दे, पाऊस येईल. डब्यात मनुकांचा पाव घालते, तो परत येतो.

कुठलीही बायको हेच करेल. मी तुला विचारत नाहीये, नुसतं सांगतेय.

तुझी,
डोरीन


ऑर्थबी
२३ नोव्हेंबर

प्रिय बेरिल,

तू दोनदा फोन केलास आणि मी दोन्ही वेळा स्वयंपाकघरात काहीतरी करपतंय म्हणून ठेवून दिला. काही करपत नव्हतं. सगळं बोलणार तर एकदाच बोलणार, आणि तोंडाने नाही जमणार, म्हणून हे पत्र. शांतपणे वाच. मुली घरात असतील तर दुसऱ्या खोलीत जा.

मागच्या पत्रानंतरच्या मंगळवारी दुपारी मागच्या दारावर टकटक झाली. दार उघडलं तर ती. रोवीना. हेल्मेट नव्हतं, बाकी चिखल तोच. हातात क्लिफची टोपी, मशीनमध्ये राहिलेली. पायरीवरच बूट काढायला लागली. मी म्हटलं, असू दे, आत यायचं कारण नाही, टोपी द्या. मग मलाच माझ्या बोलण्याची लाज वाटली आणि मी तिला आत घेतलं. मोज्यांना भोकं होती. चहा केला. ती खुर्चीच्या कडेवर बसली, शाळेत मोठ्या बाईंसमोर बसावं तशी.

म्हणाली, परवाना आला आणि शुक्रवारी आम्ही ते बाळ उचललं. मिस्टर डॉब्नींना मी शब्द दिला होता की तुम्ही असल्याशिवाय हात लावणार नाही. पण त्यांना दुसरीकडे पाठवलं, आणि मला थांबता येईना, वरून घाई होती. "त्यांना एवढं सांगा, मिसेस डॉब्नी, की मी स्वतः केलं सगळं. घाईने नाही केलं. तुमच्या मुलीचं त्यांनी सांगितल्यावर मला वाटलं, निदान हे तरी त्यांना कळावं."

तुमच्या मुलीचं.

बेरिल, माझ्या हातात किटली होती. ती मी खाली ठेवली. त्या बाईकडे पाहिलं. आणि मी काय केलं असेल? मी मान हलवली. म्हटलं, हो, आमची मुलगी. जणू मला माहीतच होतं. त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे हे तिला कळू नये, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. 'आमची मुलगी' हे शब्द माझ्या तोंडातून आयुष्यात पहिल्यांदा निघाले ते तिच्यासमोर, आणि तेही थाप मारण्यासाठी.

तिने चहा संपवला, बूट घातले आणि गेली. मी टोपी घेऊन बसून राहिले.

तुला माहीत आहे तेवढं तुला माहीत आहे. बाहत्तरच्या उन्हाळ्यात तू नुकतीच लग्न होऊन तिकडे गेली होतीस. नऊ महिने भरले होते. हॉस्पिटलात मला सुई देऊन झोपवलं आणि जाग आली तेव्हा खाटेभोवती पडदे ओढलेले होते. कुणी म्हटलं नाही की मूल मेलेलं जन्मलं. पडदे बघूनच मी समजायचं होतं. नर्स म्हणाली, घरी जा, तरुण आहेस, दुसरं होईल. दुसरं झालं नाही. मुलगा की मुलगी, मी विचारलं होतं. ती म्हणाली, आता कशाला ते. क्लिफला एकदा विचारलं, गाडीत, घरी येताना. तो म्हणाला, "सगळं नीट केलंय त्यांनी, डोरीन." त्याचा चेहरा असा होता की मी परत विचारलं नाही. आणि एकदा नाही विचारलं की मग दिवसेंदिवस विचारणं अवघड होत जातं.

पण मन गप्प बसतं का? मी ठरवून टाकलं होतं की तो मुलगा होता. ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही, तुलाही नाही. त्याला मी शाळेत घातला. गावच्या क्रिकेटच्या संघात घेतला, वाईट खेळायचा. सोळाव्या वर्षी बापाने त्याला मशीनवर बसवलं. अलीकडे त्याचं लग्न करायचा विचार होता माझा. तू मुलींचे फोटो पाठवायचीस आणि मी ते ड्रॉवरमध्ये ठेवायचे, त्या शेल्फवर ऊन कधीच येत नाही, बेरिल. मला ते बघवायचे नाहीत. तुझ्याकडे दोन खऱ्या, आणि माझ्याकडे एक असा.

त्या दुपारी मला मुलगी मिळाली आणि माझा मुलगा गेला. एकाच घोटात.

संध्याकाळी क्लिफ आला. मी टोपी टेबलावर ठेवली होती. त्याने ती पाहिली आणि मग मला पाहिलं.

मी म्हटलं, "रोवीना येऊन गेली. मुलगी होती, क्लिफ?"

तो कोट न काढता खाली बसला. दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग म्हणाला, "होती."

मग त्याने सांगितलं. तू त्याला ओळखतेस, त्याला सांगता येत नाही, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. मी एकही शब्द सोडला नाही. हॉस्पिटलातल्या मोठ्या नर्सने त्याला बाजूला घेतलं होतं. बायकोला काही सांगू नकोस, जितकं कमी कळेल तितकं लवकर विसरेल, हे तुझ्या हातात आहे, असं म्हणाली. चोवीस वर्षांचा होता गं तो. त्याने ते औषधासारखं घेतलं. दफनाच्या गाडीत त्याने बसू द्या म्हणून विनवलं. त्या माणसांनी बसू दिलं आणि खोकं त्याच्या मांडीवर दिलं. वाटेत त्यातला एक म्हणाला, बघायचं असेल तर बघ, आम्ही कुणाला सांगणार नाही. त्याने पाहिलं. दाट काळे केस होते, म्हणाला. ओले असल्यासारखे. आणि उजव्या कानाची कड वरून दुमडलेली, आपल्या बाबांची होती तशी.

शहराच्या दफनभूमीत, मागच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या झुडपालगत. आणखी अशीच काही मुलं आहेत तिथे. दगड नाही, नाव नाही.

"तुला जागा कशी आठवते?" मी विचारलं.

त्याने टोपी जवळ ओढली. मग म्हणाला, "त्या रस्त्याने काम निघालं की थांबतो मी."

"अजून?"

"कधी कधी."

मला वाटलं होतं मला वाईट वाटेल, त्याची कीव येईल. तुझ्याशी खोटं बोलत नाही, माझ्या अंगाची आग झाली. रोवीनाचा हेवा सोड, तो तर दोन महिन्यांचा. पण या माणसाला मुलगी होती. त्याने तिचं तोंड पाहिलं होतं. तो तिला भेटायला जायचा आणि घरी येऊन मला विचारायचा, जेवायला काय आहे. मी पोटात वाढवली आणि तिचे केस त्याला माहीत. मी त्याला हे सगळं बोलले. भांडी नाही फेकली, पण बोलले.

तो म्हणाला, "मला वाटलं, तू विसरलीस. आणि विसरली असशील तर मी कशाला उकरून काढू?"

"आणि तिला सांगितलंस. त्या परक्या बाईला."

"तिने विचारलं," तो म्हणाला. "कौल उचललं ना, तर मला मशीनमधून खालीच उतरता येईना. ती दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, काय झालं, क्लिफ? मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं."

मीही विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं, बरं नाही का? ते वेगळं.

मग मी त्याला हॉबडेंच्या फोनचं सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, त्याला कधी कळलं नसतं. पण तो एवढं सगळं टेबलावर ठेवून बसला होता आणि मी एकटी काही मागे ठेवून उठणं मला जमेना. तो खूप हळू म्हणाला, "तू केलास फोन?" आणि मग, "मला वाटत होतं माझं काही चुकलं. बकेट कुठेतरी लागली असेल, म्हणून काढलं." इतके दिवस तो तेच मनात घोळवत समुद्राकाठी जात होता. मग म्हणाला, "ते उचललं तेव्हा मला असायचं होतं, डोरीन. आपलं गेलं तेव्हा मी खोकं त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ते खड्ड्यात ठेवलं आणि माती पडायच्या आत मी निघून आलो होतो. या वेळी शेवटपर्यंत थांबायचं होतं."

ते मी हुकवलं. परत आणता येत नाही. हॉबडेंना मी दुसऱ्या दिवशी फोन करणार होते, त्याला परत घ्या म्हणून, तर क्लिफनेच नको म्हटलं. आठवडाभर आम्ही एकमेकांशी जपून बोलत होतो, घरात कुणी आजारी असावं तसं.

पुढच्या रविवारी मी चॅपलला गेले नाही. म्हटलं, क्लिफ, गाडी काढ.

दफनभूमी मोठी आहे. पुढच्या बाजूला देवदूत, संगमरवर, ताजी फुलं. आम्ही चालत चालत अगदी मागे गेलो. तिथे नुसतं गवत, आणि कुंपणाला हॉथॉर्नची झुडपं, पानं गळून लाल बोरं तेवढी राहिलेली. तो सरळ एका जागी जाऊन उभा राहिला. त्याला शोधावं लागलं नाही. त्याचे पाय कुठे थांबायचं ते जाणत होते, आणि बेरिल, तिथेही मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "तू जा आणि गाडीत बस." तो गेला. त्याच्याकडे ती इतकी वर्षं होती, मला ती थोडा वेळ एकटीला हवी होती.

काय करायचं ते मला येत नव्हतं. प्रार्थना आठवेना. थोडी वाळकी पानं उचलली. नाव घेऊन काही बोलावं तर नाव नाही. गवत सगळीकडे सारखंच, त्यात कुठे बघायचं तेही कळेना. शेवटी मी वळून हात वर केला. तो गाडीतून बघतच होता, लगेच आला.

मी विचारलं, "डोकं कुठल्या बाजूला आहे?"

"झुडपाकडे," तो म्हणाला. "तिथे वारा कमी लागतो."

मग आम्ही दोघेही तिथे उभे राहिलो. तो रडला. आता मला माहीत आहे तो कसा रडतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, ते तिचं होतं. मी त्याचा हात धरला.

शेतावरचं काम संपलं आहे. पाया भरायला लोक आले. रोवीना निघायच्या आदल्या दिवशी मी त्या पत्र्याच्या खोलीत जाऊन तिला भेटले आणि सांगून टाकलं की त्या दुपारी मला काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, मला पायरी उतरतानाच कळलं होतं, तुमचा चेहरा बघून. तेव्हापासून मला स्वतःची चीड येतेय. तिचे डोळे भरले. चांगली बाई आहे. क्लिफशी तिचं तसलं काही नव्हतं, हे मला आता स्वच्छ कळतं, आणि त्याने माझा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या मुलीचं तिला माझ्याआधी कळलं, आणि हे मी तिला कधी माफ करेनसं वाटत नाही. मनुकांचा पाव नेला होता, तो तिला दिला आणि आले.

आता संध्याकाळी आम्ही बसतो. मी त्याला तेच तेच विचारते आणि तो तेच तेच सांगतो. केस किती दाट. बोटं कशी होती. त्याने बोटं नीट पाहिली नव्हती, याचा मला रागही येतो आणि बरंही वाटतं. दगड बसवता येतो का ते तो चौकशी करणार आहे. नावाचं आमचं अजून ठरत नाही. त्याने मनात एक ठेवलं होतं, ते मला पसंत नाही. मी त्याला सांगितलं, तू इतके दिवस ठेवलंस, आता मी ठेवणार.

तू ख्रिसमसला मुलींना घेऊन ये. मी बऱ्याच दिवसांत बोलावलं नाही, कारण तू समजलीच असशील. आलीस की नेहमीसारखं माझ्या गुडघ्याचं आणि चॅपलचं विचारू नकोस. तू तुझ्या मुलींचं सांगतेस, कुणाला दात केव्हा आला, कोण कुणावर गेली, आणि मी इतकी वर्षं ऐकत आले. या वेळी मलाही सांगायचं आहे. माझ्याजवळ थोडंच आहे, एका चहात संपेल. पण तू विचार. सगळ्यांसमोर विचार.

तुझ्या भाचीची आई,
डोरीन